बर्फाच्या डोंगराचा रिपोर्ट

२००५ च्या ऑगस्टमध्ये माझ्या प्रोजेक्टचं फंडिंग संपलं. पीएचडीचं दुसरं वर्ष सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते. असिस्टंटशिप नाही म्हणजे फी माफ नाही, आणि फी भरता आली नाही की व्हिसाही नाही. माझ्या गाईडनी मला ऑफिसात बोलावलं. पाण्याच्या इंजिनिअरिंगमधला नावाजलेला माणूस, स्वभावाने मऊ, कुणालाच नाही म्हणता न येणारा. म्हणाले, "एक काम आलंय. स्कीचा डोंगर आहे. घेशील?"

मी नागपूरची. तोपर्यंत बर्फाशी माझा संबंध दोनदाच आलेला: लहानपणी खाल्लेला गोळा, आणि अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात बसस्टॉपवर घसरून मोडलेलं मनगट. स्की मी टीव्हीवरही धड पाहिलं नव्हतं. मी "घेते" म्हणाले.

आमचं विद्यापीठ पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात होतं. तिथून तासाभरावर एका काउंटीच्या मालकीचा एक लहानसा स्कीचा डोंगर होता. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. जिल्हा परिषदेने शाळा-रस्त्यांबरोबर एक डोंगरही चालवावा, तसा प्रकार. माणसांना वर नेणारे दोन खुर्च्यांचे पाळणे, खाली एक लाकडी लॉज, आणि भाड्याने मिळणारे जुने बूट. श्रीमंत लोक मोठ्या रिसॉर्टला जायचे. इथे यायचे ते आसपासच्या गावांतले, काउंटी चालवणाऱ्या तीनही निवडून आलेल्या कमिशनरना नावाने ओळखणारे लोक. दर बुधवारी दुपारी सरकारी शाळांच्या बस यायच्या, आणि ज्यांच्या आईवडिलांना स्की परवडलं नसतं अशी मुलं इथे जवळजवळ फुकट शिकायची.

अलीकडे हिवाळे बिघडले होते. म्हणून काउंटीला विद्यापीठाकडून एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: कृत्रिम बर्फ करायची नवी यंत्रं घेतली आणि पाण्यासाठी आणखी एक तळं खणलं, तर पुढची वीस वर्षं हा डोंगर नाताळाच्या आधी उघडता येईल का?

मी फोनवर आईला सांगितलं.

"अगं पण बर्फ वरून पडतो ना? त्यात माणसांनी काय करायचं असतं?"

"हल्ली पुरेसा पडत नाही ना आई. म्हणून पाडायचाय."

"म्हणजे आपल्याकडे कृत्रिम पाऊस पाडतात तसं?"

"साधारण तसंच."

"तो पडतो का कधी?" आईने विचारलं.

सप्टेंबरमध्ये मी पहिल्यांदा तिथे गेले. माझ्याकडे गाडी नव्हती. काउंटीच्या गावापर्यंत बसने, आणि पुढे मला घ्यायला आला बर्फ करणाऱ्या टोळीचा मुख्य. साठीच्या पुढचा, रुंद पंजांचा माणूस. पन्नाशीपर्यंत त्याच्या गाई होत्या. दुधाचा धंदा परवडेना तेव्हा त्याने त्या विकल्या. डोंगरावर हिवाळ्यात तो आधीपासूनच काम करायचा, मग बारा महिने करू लागला. पहिल्या दिवसानंतर घरी रूममेटशी बोलताना मी त्यांना "बर्फवाले काका" म्हणून टाकलं आणि तेच नाव राहिलं. माझी रूममेट पुण्याची, कॉम्प्युटर सायन्सवाली. तिला हे सगळं प्रकरण भलतंच विनोदी वाटायचं. "नागपूरची बाई अमेरिकेला बर्फ शिकवणार यार," म्हणायची.

डोंगर तेव्हा हिरवागार होता. उतारावर ओळीने नळ उभे होते, जणू कुणी गवताला पाणी घालायला लावलेत. काका मला पंपघरात घेऊन गेले आणि भिंतीवरचे दोन थर्मामीटर दाखवले. एक साधा. दुसऱ्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं.

"लोक या पहिल्याकडे बघतात," ते म्हणाले. "मी दुसऱ्याकडे बघतो. हवा कोरडी असेल तर हा पहिल्यापेक्षा खाली जातो. हा शून्याच्या खाली दोनेक अंश गेला की यंत्र सुरू. नाही गेला, तर तू डोंगराला नुसतं पाणी घालतेस."

मी हसले. म्हणाले, "आमच्या गावी हाच प्रकार उलट्या बाजूने चालतो." मग मी त्यांना कूलर समजावून सांगितला. मे महिन्याची आग, वाळ्याच्या जाळ्या, त्यांवरून झिरपणारं पाणी, आणि कोरड्या हवेत खोली कशी गार होते. जुलैत हवा दमट झाली की तोच कूलर नुसता घरघरतो, अंगाला चिकचिक होते.

ते लक्ष देऊन ऐकत होते. "मग तुला सगळं येतंच की," म्हणाले. "दमट हवा आली की माझीही तीच गत."

त्या एका गोष्टीमुळे आमचं जमलं. दुपारी त्यांनी पंपघराच्या माळ्यावरून पुठ्ठ्याची खोकी खाली काढली. आत कॅलेंडरं होती, पशुखाद्याच्या दुकानातून फुकट मिळणारी, जवळजवळ तीस वर्षांची. हिवाळ्यातल्या प्रत्येक चौकोनात पहाटे पाचचे दोन आकडे, कोरडा आणि ओला, आणि पुढे एखादा शब्द: चालू, बंद, पाऊस. मधेच कुठे "पाइप फुटला". एका फेब्रुवारीत "आईला माती दिली. चालू."

"विद्यापीठाला उपयोग आहे का यांचा?" त्यांनी विचारलं.

मला रडू यायचं बाकी होतं. आमच्याकडे होती ती सगळी आकडेवारी विमानतळावरची, दरीतली. डोंगरावर रोज पहाटे उभं राहून कुणी काही मोजलं असेल असं आमच्या डिपार्टमेंटमध्ये कुणाला वाटलंही नव्हतं.

"परत दे मात्र," ते म्हणाले.

सप्टेंबर ते नोव्हेंबर मी ती कॅलेंडरं कॉम्प्युटरवर चढवत बसले. त्यांचा चार आणि नऊ सारखाच दिसायचा. रूममेट माझ्या शेजारी बसून अक्षर लावायची आणि जेवायला उशीर झाला म्हणून शिव्याही द्यायची. नोव्हेंबरअखेर चित्र उभं राहिलं. पूर्ण हिवाळ्याची सरासरी काढली तर फार काही बदललेलं दिसत नव्हतं, कारण जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी अजून तग धरून होते. पण डिसेंबर वेगळा काढला की घोळ लगेच कळायचा. पूर्वी डिसेंबरात थंडी आली की चार-पाच दिवस मुक्काम करायची. काकांच्या जुन्या चौकोनांत "चालू, चालू, चालू" अशा रांगाच्या रांगा होत्या. नंतरच्या वर्षांत रांगा तुटत गेल्या. चालू, बंद, पाऊस, बंद, चालू. अंथरलेला बर्फ दोन दिवसांत पावसाने धुऊन न्यायचा. आणि असा डोंगर जगतो तो नाताळाच्या सुट्टीवर. तेव्हा तो उघडा नसेल तर लोक दुसरीकडे जातात आणि मग परत येत नाहीत.

नवी यंत्रं जुन्यांपेक्षा भराभर बर्फ करायची, हे खरं. पण त्यांनाही थंडी लागतेच. ओल्या फडक्याचा पारा उतरला नाही तर जगातलं कुठलंही यंत्र बर्फ करत नाही. माझं उत्तर एवढंच होतं. त्यासाठी पीएचडी लागत नव्हती, काकांना ते दहा वर्षांपासून माहीत होतं.

त्या डिसेंबरात एका पहाटे मी त्यांच्याबरोबर उतारावर उभी होते. फटफटायला आलेलं, तोफेसारखी घरघर करत पाण्याचा फवारा हवेत सोडणारी यंत्रं, आणि काका त्या फवाऱ्याखाली हात पसरून उभे. बर्फाचा कण बाहीवर पडून टणकन उडाला तर कोरडा, चिकटला तर ओला, भिजवलं तर पाणी. प्रत्येक यंत्रापाशी जाऊन ते बाही धरायचे आणि नळ थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवायचे. मलाही धरायला लावली. माझ्या बाहीवरून कण उडत गेले. "हा चांगला," मी म्हणाले. "हा चांगला," ते म्हणाले. तीन वर्षांत त्या डोंगरावर मला निखळ आनंद झाला तो त्या दिवशी.

मग जानेवारी आला. तो असा उबदार आला की माझी रूममेट स्वेटर काढून कॅम्पसला जायला लागली. एका बुधवारी मी डोंगरावर असताना शाळेच्या तीन बस आल्या. निरोप शाळेपर्यंत पोहोचलाच नव्हता. उतारावर मधोमध पांढरा पट्टा, दोन्ही बाजूंना चिखल, आणि वरून पाऊस. पाळणे बंद. मुलं भाड्याचे बूट घालून कँटीनमध्ये बसली, खडखडत इकडून तिकडे चालत राहिली, हॉट चॉकलेट प्यायली, आणि दोन तासांनी परत गेली. बरोबरची शिक्षिका मला काउंटीची माणूस समजली. "पुढच्या बुधवारी तरी?" तिने विचारलं. मी म्हणाले, "हवा बघावी लागेल." तिच्या चेहऱ्यावरचा वैताग मला नीट कळला, कारण तोच वैताग मी तीन महिने आकड्यांत बघत होते.

मार्चमध्ये कच्चा रिपोर्ट तयार झाला. काउंटीच्या उद्यान खात्याच्या डायरेक्टर बाई आमच्या डिपार्टमेंटमध्ये आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, बोलायला अतिशय गोड. त्या खलनायिका असत्या तर मला हे सांगणं सोपं गेलं असतं. त्यांनी रिपोर्ट पानन् पान वाचला होता, खुणा करून आणला होता.

"काम उत्तम आहे," त्या मला म्हणाल्या. "फक्त हा डिसेंबरचा ग्राफ पुढे नको."

"पण तोच तर मुद्दा आहे," मी म्हणाले.

"तुझा मुद्दा मला कळलाय. कमिशनरना तो कसा कळेल ते मला माहितेय. हे पान बघितलं की ते डोंगर दुरुस्त करणार नाहीत. बंद करतील. मग बुधवारची मुलं कुठे जातील? हिवाळ्यात तिथे काम करणारी माणसं कुठे जातील?" त्यांनी पान उलटलं. "पूर्ण हिवाळ्याची सरासरी पुढे घ्या. बाकीचं परिशिष्टात टाका. मी काही काढून टाका म्हणत नाहीये."

मी गाईडकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते.

"सरासरी चुकीची आहे का?" त्यांनी मला विचारलं.

"चुकीची नाहीये सर, पण..."

"मग?"

त्या "मग?"वर मला काहीतरी बोलायला हवं होतं. मला उत्तर येत होतं. आजही बसमध्ये, भांडी घासताना, मी ते उत्तर देते. त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच आलं की पुढच्या सेमिस्टरचं फंडिंग याच कामातून येतंय. मी गप्प बसले.

शेवटच्या पानावर निष्कर्षाचं वाक्य होतं: "सलग थंडी मिळाल्यास, नव्या यंत्रांच्या साहाय्याने डोंगर नाताळाआधी उघडणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे." बाईंनी पहिल्या तीन शब्दांखाली रेघ ओढली होती.

"हे तर उघडच आहे ना?" त्या म्हणाल्या. "बर्फाला थंडी लागते हे कुणाला सांगावं लागतं?"

"वाक्य आटोपशीर होईल," गाईड म्हणाले.

ते तीन शब्द मी स्वतः खोडले. कुणी माझा हात धरला नव्हता.

एप्रिलमध्ये कमिशनरांपुढे सादरीकरण झालं. तीन कमिशनर, समोर पाण्याचे ग्लास, मागे झेंडे. मी पंधरा स्लाइड दाखवल्या. मधल्या कमिशनरनी घड्याळ बघून विचारलं, "मॅडम, एका शब्दात सांगा. हो का नाही?"

"ते थंडीवर अवलंबून..." मी सुरुवात केली.

"हो," माझे गाईड शेजारून म्हणाले. "शक्य आहे."

दुसऱ्या दिवशी तिथल्या छोट्या वर्तमानपत्रात बातमी होती की विद्यापीठाच्या अभ्यासानुसार नव्या यंत्रांमुळे डोंगर वाचणार. खाली माझा फोटो, तोंड अर्धवट उघडं. रूममेटने तो फ्रिजवर लावला. मी काढला. तिने पुन्हा लावला, कारण तिला खरंच अभिमान वाटत होता. मी तिच्यावर ओरडले, आणि मग दोन दिवस आम्ही बोललो नाही.

छापलेल्या रिपोर्टची एक प्रत काकांना मिळाली. मे महिन्यात मी उतारावर बसवलेली मोजणीची उपकरणं काढायला गेले तेव्हा ते पंपघरात स्टुलावर बसून तो वाचत होते. नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मी आत आले तरी त्यांनी मान वर केली नाही.

"माझे डिसेंबर कुठेत?" त्यांनी विचारलं.

"परिशिष्ट तीनमध्ये."

"म्हणजे शेवटी?"

"हो."

त्यांनी अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटली. परिशिष्ट तीन सापडलं. बराच वेळ बघत बसले. आकडे बरोबर आहेत का ते बघत असावेत, कारण एका ठिकाणी त्यांनी बोट ठेवून मान हलवली. मग रिपोर्ट मिटला.

"कॅलेंडरं कधी परत देशील?" एवढंच ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी रूममेटची गाडी मागून घेतली आणि सगळी खोकी नेऊन दिली.

त्या उन्हाळ्यात तळं खणलं गेलं. यंत्रं आली, पिवळीधमक, पंख्यांची. उद्घाटनाला लाल फीत होती. काउंटीने आमचं मोजणीचं काम वाढवलं होतं म्हणून माझी असिस्टंटशिप चालू राहिली. मी दर महिन्याला तिथे जायची आणि माझ्याच रिपोर्टमुळे आलेली यंत्रं बघून यायची.

२००६ चा डिसेंबर. मला तो सांगतानाही वैताग येतो. थंडी आलीच नाही. तळं काठोकाठ भरलेलं, यंत्रांना टोपणं घातलेली, आणि ओल्या फडक्याचा पारा जिथल्या तिथे. काका रोज पहाटे पाचला येऊन आकडा लिहायचे आणि "बंद" लिहायचे. नाताळाच्या आठवड्यात लोक टी-शर्टवर येऊन हिरव्या उतारावर पिवळ्या यंत्रांशेजारी फोटो काढून गेले. डायरेक्टर बाईंचा मला फोन आला.

"तुमच्या मॉडेलमध्ये हे होतं का?" त्यांनी विचारलं.

"परिशिष्टात होतं," मी म्हणाले.

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्याच विषयावर बोलू लागल्या.

जानेवारीत शाळांनी बुधवारचा कार्यक्रम त्या वर्षापुरता कॅन्सल केला. बस लागोपाठ रद्द होत होत्या आणि ड्रायव्हर मिळत नव्हते. जानेवारीच्या शेवटी मात्र थंडी आली, आणि यंत्रांनी चार दिवसांत डोंगर पांढरा केला. काकांनी मला आवर्जून बोलावून दाखवलं. "यंत्रं फार चांगली आहेत," ते म्हणाले. "त्यांचा काही दोष नाही." त्यांच्याइतका न्यायी माणूस मी तिथे दुसरा बघितला नाही.

मग फेब्रुवारीच्या मध्यावर असं वादळ आलं की डोंगरावर कमरेइतका बर्फ पडला, आणि खालचे सगळे हमरस्ते बर्फाखाली बंद झाले. उभ्या हंगामात नसेल एवढा बर्फ, पाळणे तयार, आणि पार्किंगमध्ये एकही गाडी नाही, कारण कुणाला येताच येईना. काकांनी फोनवर मला हे सांगितलं आणि ते हसत सुटले. कित्येक महिन्यांत मी त्यांचं हसू ऐकलं नव्हतं. मला हसू आलं नाही. आठवड्याने वर्तमानपत्रात एका कमिशनरचं म्हणणं आलं: पाहा, हिवाळा आहे तिथेच आहे, घाबरवणारे उगाच घाबरवत होते.

मी ते गाईडच्या टेबलावर नेऊन ठेवलं. म्हणाले, "सर, आपण त्यांना पत्र लिहू या. रिपोर्टात दुरुस्ती करू या."

"एका वादळावर प्रतिक्रिया देऊ नये," ते म्हणाले. "थोडं थांबू."

आम्ही वर्षभर थांबलो.

२००८ च्या वसंतात काउंटीने ठरवलं की डोंगर स्वतः चालवणं आता झेपत नाही. तो एका खाजगी चालकाला वीस वर्षांच्या कराराने द्यायचा. कराराच्या मसुद्यात शाळांच्या बुधवारबद्दल एक अक्षर नव्हतं. थंडी नसलेल्या वर्षी चालकाने डोंगर उघडायलाच हवा की नको, तेही नव्हतं. काकांनी मला फोन केला. "जनसुनावणी आहे. तू येऊन बोलशील का?" दोन वर्षांपूर्वी कॅलेंडरं परत मागितल्यानंतर त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

सुनावणी सकाळी दहाला, कोर्टाच्या इमारतीत. दाराशी क्लार्कने यादीत नाव घेताना विचारलं, "काउंटीत राहता?"

"नाही."

"मग रहिवाशांनंतर."

मी तासभर बसले. रहिवासी अकराच होते. एका आईने सांगितलं की तिच्या तिन्ही मुली बुधवारीच स्की शिकल्या. एक जण रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलला, त्याला थांबवावं लागलं. काका मागच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. ते बोलणार नव्हते. काउंटीच्या नोकराने बोलायचं नसतं.

शेवटी माझं नाव आलं. तीन मिनिटं. मी सरळ सांगितलं की रिपोर्ट मी लिहिला आहे आणि तो अपुरा आहे. पूर्ण हिवाळ्याच्या सरासरीमागे डिसेंबर झाकला गेलाय. यंत्रांना सलग थंडी लागते, ती आता भरवशाची राहिलेली नाही, आणि वीस वर्षांचा करार करण्याआधी परिशिष्ट तीन वाचा. थंडी नसलेल्या वर्षी डोंगराचं काय करायचं ते करारात लिहा. उन्हाळ्यात चालेल असं काही बघा. शाळांची सोय लेखी घ्या.

मी बरी बोलले. एक कमिशनर लिहून घेत होते, ते मला दिसलं.

मग डायरेक्टर बाई उभ्या राहिल्या. हातात माझा रिपोर्ट. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता.

"विद्यापीठाचा निष्कर्ष मी वाचून दाखवते," त्या म्हणाल्या. "'नव्या यंत्रांच्या साहाय्याने डोंगर नाताळाआधी उघडणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे.' याच भरवशावर चालक पुढे आलाय." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "ही सही तुमचीच ना?"

"हो. पण त्या वाक्याच्या आधी..."

क्लार्कने घंटी वाजवली. माझी तीन मिनिटं केव्हाच संपली होती.

त्या वाक्याच्या आधी काय होतं हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी रिपोर्ट मिटून फाइलीत ठेवला आणि नजर खाली घेतली. दोन विरुद्ध एक मतांनी करार मंजूर झाला. लिहून घेणारे कमिशनर विरोधात होते.

काका मला समोरच्या डायनरमध्ये घेऊन गेले. त्यांनी पाय, म्हणजे तिकडचा फळांच्या सारणाचा गोड पदार्थ, मागवला, मी काहीच नाही. नवा चालक स्वतःची माणसं आणणार हे त्यांना आधीच कळवलेलं होतं. मला ते तिथे, टेबलावर कळलं.

"मला माफ करा," मी म्हणाले.

त्यांनी मला "नाही नाही, तुझी काय चूक" वगैरे म्हटलं नाही.

"तेव्हा बोलायला हवं होतंस," ते म्हणाले.

"माहितेय."

"आज बोललीस, ते बरं केलंस. पण उशीर झाला." मग त्यांनी पायची बशी माझ्याकडे सरकवली. "खा थोडं. सकाळपासून उपाशी असशील."

मी खाल्लं. सफरचंदाचा होता.

त्या मे महिन्यात माझा प्रबंध झाला. पहिलंच प्रकरण कॅलेंडरांवर. डिसेंबरचा ग्राफ पहिल्या प्रकरणात, मोठा, पूर्ण पानभर. गाईडनी काही न सुचवता सही केली. वर म्हणाले, "हे तुझं सगळ्यात प्रामाणिक काम आहे." मला त्यांचा एवढा संताप कधीच आला नव्हता, आणि तोंडाने मी "थँक यू सर" म्हणाले.

जूनमध्ये मला न्यू जर्सीत पाणीपुरवठ्याच्या एका कन्सल्टिंग ऑफिसात नोकरी लागली. एडिसनला अपार्टमेंट घेतलं. शनिवारी देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर जाऊन भाजी, पोहे, शेंगदाणे आणायचे, आणि रविवारी बसून काउंटीला पत्र लिहायचं, असा माझा उन्हाळा गेला. पत्रात मी लिहिलं की रिपोर्टच्या शेवटच्या पानावरच्या वाक्यातून तीन शब्द माझ्या हाताने काढले गेले. ते शब्द कुठले, ते काढल्याने अर्थ कसा बदलतो, हे सांगितलं. दुरुस्तीचं एक पान सोबत जोडलं आणि ते काउंटीच्या मूळ प्रतीला लावावं अशी विनंती केली.

महिन्याने दोन ओळींचं उत्तर आलं. रिपोर्ट अंतिम स्वरूपात स्वीकारला गेला असून तो काउंटीच्या मालकीचा आहे. आपल्या विनंतीची नोंद घेतली आहे.

रूममेट तोवर पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला नोकरीला लागली होती. फोनवर मी तिला ते उत्तर वाचून दाखवलं. "सोड ना यार आता," ती म्हणाली. "तुझं तुला माहितेय, बास झालं."

पण ते मला माहीत असून काय उपयोग? फाइल माझ्या कपाटात नव्हती, त्यांच्या कपाटात होती. उद्या दुसऱ्या कुठल्या डोंगरासाठी दुसरी काउंटी तोच रिपोर्ट उघडून तेच वाक्य वाचणार होती.

सप्टेंबरमध्ये काकांना फोन केला. त्यांच्या बायकोने उचलला. ते आता शाळेची बस चालवतात, तीन वाजेपर्यंत येतील, म्हणाली. "पहाटे पाचला मात्र अजून उठतात," ती म्हणाली, "आणि मागच्या अंगणात जाऊन तो थर्मामीटर बघतात. मी विचारलं कशाला, तर म्हणतात सवय."

मी निरोप ठेवला. मग दुसरं पत्र लिहिलं, त्याच दुरुस्तीच्या पानासकट, पण या वेळी रजिस्टर्ड पोस्टाने आणि तीनही कमिशनरना वेगवेगळं. पोस्टातल्या बाईने चिकट पट्ट्या लावत विचारलं, "महत्त्वाचं आहे का?" मी हो म्हणाले.

दहा दिवसांनी दोन पोचपावत्या परत आल्या. तिसरी आली नाही.